आप्पांचा रविवार आणि ‘ती बडबड’: टीव्हीवरचं वर्णन तपासायचं कसं?

प्रश्न थोडक्यात: देवगडजवळच्या एका गावातून एका ताईंनी विचारलंय. त्यांचे सासरे, घरातले सगळे त्यांना आप्पा म्हणतात, काचबिंदूने पूर्ण अंध झाले आहेत. टीव्ही मात्र सकाळपासून चालू असतो. गणपतीत मुंबईहून आलेल्या दिरांनी स्मार्ट टीव्ही बसवला, एका हिंदी वेबमालिकेचं ऑडिओ डिस्क्रिप्शन लावून दिलं, आणि आप्पा पहिल्याच भागात म्हणाले, “बंद कर ती बडबड.” वर्णन वाईट होतं की आप्पांनाच ते नकोय, हे कसं ओळखायचं? आणि ते दिवसभर जे लावतात त्यात असं वर्णन मिळतं तरी कुठं? सोबत ताईंनी एका रविवारची नोंद पाठवली आहे: काय लावलं होतं, आप्पांनी कुठं काय विचारलं.

उत्तर:

ताई, ती नोंद पाठवलीत हे फार बरं केलंत. मी सिनेमा-मालिकांची वर्णनं लिहिते, दुसऱ्यांनी लिहिलेली तपासते. तपासायला नियमांचे तक्तेही असतात. पण तुमच्या वहीत आप्पांचे जे प्रश्न उतरलेत, ते मला त्या तक्त्यांहून जास्त कामाचे वाटतात. “कोण इलो?” “खंय गेली?” “काय केल्यान?” “काय लिवलाहा?” (कोण आलं, कुठं गेली, काय केलं, काय लिहिलंय.) टीव्हीपुढे बसलेला अंध माणूस जे विचारतो, ते वर्णनाने त्याने विचारण्याआधी सांगायला हवं होतं. आणि जे त्याला आवाजावरून कळलेलंच आहे ते पुन्हा सांगितलं, की त्याची बडबड होते. माझी सगळी तपासणी शेवटी या दोन ओळींवर येते. तेव्हा आप्पांचं म्हणणं हट्ट म्हणून सोडून देऊ नका. तो अभिप्राय आहे, आणि तुमची नोंद वाचून मला तो बराचसा पटलाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगते: ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणजे संवादांच्या मधल्या जागेत एक निवेदक पडद्यावर काय दिसतंय ते सांगतो. हा वेगळा ध्वनिमार्ग असतो, भाषा निवडतो त्याच यादीतून तो निवडायचा. अमेरिकेत बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच केंद्राने १९९० मध्ये टीव्हीवर ही सेवा नियमित सुरू केली. आज तिथल्या मोठ्या नेटवर्कना दर तिमाहीला ८७.५ तास वर्णनासह दाखवावे लागतात. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रसारण-नियामकाचा दंडक १० टक्के कार्यक्रमांचा आहे. आपल्याकडे रोजच्या मराठी वाहिन्यांवर असा स्वतंत्र ध्वनिमार्ग मला आजवर सापडलेला नाही. म्हणून आप्पांच्या रविवारात वर्णन असलेला भाग फक्त रात्रीचा, वेबमालिकेचा. बाकी दिवस त्यांनी विचारून, अंदाजाने आणि नातवंडांच्या कृपेने काढला.

तर दिवस उलगडूया.

सकाळचे अभंग आणि देवळातून दाखवलेली पूजा. तुमच्या नोंदीत इथे एकही प्रश्न नाही. साहजिक आहे, पुढे जाऊ.

साडेनऊच्या बातम्यांना मात्र वही भरलेली आहे. लोकांना वाटतं बातम्या म्हणजे नुसतं बोलणंच, अंध माणसाला अडचण काय? तुम्हीच टिपलंय बघा: “अधिक माहितीसाठी स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरवर संपर्क साधा.” नंबर कोणी वाचला नाही. मग एक परदेशी पाहुणा मिनिटभर इंग्रजीत बोलला, खाली मराठीत पट्टी धावली, आप्पांना मिळालं फक्त इंग्रजी. त्यानंतर हवामान. निवेदिका म्हणाली, “तुम्ही पाहू शकता, या पट्ट्यात ढगांची गर्दी झाली आहे,” आणि आप्पांनी विचारलं, “खंय?” कलमांवर मोहोर असताना अवकाळीचा ढग रत्नागिरीवर आहे की गोव्याच्या खाली, यावर फवारणी ठरते. त्या माणसाला ‘या पट्ट्यात’ म्हणून सांगणं म्हणजे काही न सांगणं.

याला वर्णनाचा वेगळा ध्वनिमार्गही लागत नाही. ‘या पट्ट्यात’ऐवजी ‘वेंगुर्ल्यापासून राजापूरपर्यंत’ म्हटलं की झालं. डोळस माणसाचंही त्यात काही बिघडत नाही, उलट जो स्वयंपाकघरातून नुसतं ऐकतोय त्याचीही सोय होते. वाहिन्यांना तक्रार करायची तर मी पहिली ही करेन, कारण हिला खर्च शून्य आहे आणि किनाऱ्यावर ती जिवाशी गाठ आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासत गुजरातकडे गेलं. दोन्ही वेळा टीव्हीवर गोल फिरणारे नकाशे आणि बाण होते. वादळाच्या दिवसांत आप्पांच्या उशाशी सेलवरचा रेडिओ ठेवा. आकाशवाणीवर बंदराला कितव्या नंबरचा बावटा लागलाय ते शब्दांत सांगतात, आणि लाईट गेली तरी तो बंद पडत नाही.

दुपारी क्रिकेट. इथे तुम्ही लिहिलंय की आप्पा चिडले आणि “स्कोर सांग रे” म्हणून नातवाच्या मागे लागले. टीव्हीवरचे समालोचक धावसंख्या कोपऱ्यात दिसतेय म्हणून दोन-दोन षटकं तिचं नावच काढत नाहीत. चेंडू कुठं गेला हेही नाही. “ओहो, काय फटका!” एवढ्यावर काम. आप्पांच्या पिढीने रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकलेलं आहे. क्षेत्ररक्षक कुठं उभा आहे, फलंदाजाने कुठला पाय पुढे टाकला, चेंडू कोणाच्या हाताखालून सीमेपार गेला, हे ऐकून ज्यांच्या डोळ्यांपुढे मैदान उभं राहायचं, त्यांना आजचं टीव्हीचं समालोचन फिकंच लागणार.

उपाय सोपा आहे: टीव्हीचा आवाज बंद आणि आकाशवाणीचं समालोचन चालू. फक्त एक गंमत ध्यानात ठेवा. उपग्रहावरून येणारं चित्र रेडिओच्या काही सेकंद मागे असतं, इंटरनेटवरचं तर आणखी मागे. विकेट आप्पांना आधी कळणार, ते ओरडणार, आणि पोरांची मजा जाणार. एका घरात यावरून रेडिओ बंद पडल्याचं मी पाहिलंय. आप्पांना कानात इअरफोन द्या, आणि ओरडू नका म्हणून सांगा. दुसरं ते ऐकतील असं वाटत नाही.

दुपारचा जुना मराठी सिनेमा त्यांनी पाठ असल्यामुळे बघितला, असं तुम्ही लिहिलंय. डोळे असताना पाहिलेला सिनेमा माणूस आठवणीतून बघतो, त्यावर वर्णनाची परीक्षा करू नका.

आता संध्याकाळ. मालिका. इथे जरा थांबते, कारण तुमच्या वहीतलं सर्वात चांगलं पान हेच आहे.

मराठी मालिका बोलघेवड्या असतात. पात्रं एकमेकांना नावाने हाका मारतात, मनातलं मोठ्याने बोलतात, सासू स्वयंपाकघरात एकटी असली तरी स्वतःशीच कट सांगते. टीका करणारे यालाच हसतात, पण अंध प्रेक्षकाला निम्मी मालिका यामुळेच कळते. अडतं कुठं? तुमच्या नोंदीप्रमाणे अर्ध्या तासात आप्पांनी चार वेळा प्रश्न केला. एकदा मोबाईलवर संदेश आला, पडद्यावर अक्षरं उमटली: “काय लिवलाहा?” एकदा दार उघडलं आणि संगीत दणकन वाजलं: “कोण इलो?” एकदा मागच्या वर्षीचा प्रसंग पुन्हा दाखवला, चित्राचा रंग उडवून. डोळसाला कळतं की ही आठवण आहे, आप्पांना वाटलं तीच भांडणं पुन्हा सुरू झाली. आणि शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला: “सगळी गप कित्याक झाली?”

त्या गप्प बसण्यात काय होतं ते तुम्ही लिहिलंय. सुनेच्या हातातलं ताट खाली पडलं, मग सात जणांचे चेहरे एकामागून एक, प्रत्येकी तीनदा. आता याचं वर्णन लिहायचं तर? नवखा लेखक सातही चेहरे सांगत बसतो: “सासू आश्चर्याने पाहते. सासरे आश्चर्याने पाहतात. दीर...” हीच ती बडबड. सातातला एकच चेहरा कथेला हवाय, जो चकित झालेला नाही. मी असते तर एवढंच लिहिलं असतं: “सगळे थक्क. थोरली जाऊ मात्र खाली बघून पदर नीट करते.” ताट पडल्याचं लिहिलंच नसतं, स्टीलचं ताट फरशीवर पडल्याचा आवाज आख्ख्या वाडीला कळतो. निवडायचं असतं ते असं. पडद्यावर जे जे आहे ते सगळं सांगायला कधीच वेळ नसतो. कथेचा धागा ज्यातून जातो तेवढं उचलायचं आणि बाकी निर्दयपणे सोडायचं.

आणि रंग सोडायचे नाहीत. अंध माणसाला रंग कशाला, असं लेखकांपैकीही काही म्हणतात. आप्पांनी आयुष्यभर रंग पाहिलेत. जन्मांध माणसालाही हिरव्या चुड्याचा, पांढऱ्या साडीचा, कपाळावर कुंकू नसण्याचा अर्थ आपल्याच समाजात राहून पुरेपूर ठाऊक असतो. मालिकेत नवी पाहुणी काळी साडी नेसून डोहाळजेवणाला आली, तर ते सांगायलाच हवं, चार माणसं त्यावर कुजबुजणार आहेत.

मध्येच एक आठवलं. तुम्ही लिहिलंय की आप्पा जत्रेतल्या दशावताराला अजून हौसेने जातात आणि तिथे कोणाला काही विचारत नाहीत. विचारतील कशाला? राजा रंगमंचावर येतो तो पेटी-पखवाज-झांजेच्या गजरात, आणि आल्या आल्या आपण कोण, कुठले, कशासाठी निघालो ते आपल्या तोंडाने सांगतो. राक्षसाची चाल पखवाजावर वेगळी, स्त्रीपार्टाची वेगळी. पूर्वी कंदिलाच्या उजेडात, मागे बसलेल्यालाही कळावं म्हणून बांधलेला हा खेळ आहे. मला वर्णनाच्या कामात कोणी विचारलं की नाव कधी सांगायचं, तर मी दशावतार आठवते: पात्र आल्याबरोबर, एकदाच, स्पष्ट. अपवाद एक, आणि तो रात्रीच्या वेबमालिकेत नेमका मोडलेला दिसतो.

तर रात्रीचा भाग. रहस्यकथा, हिंदी वर्णनासह. तुम्ही दोन प्रसंग लिहून पाठवलेत.

पहिल्यात नायक रात्री वकिलाच्या बंगल्यात शिरतो. वर्णनाचा मराठीत अर्थ साधारण असा: “निळसर प्रकाशात न्हालेल्या भव्य दालनात तो चिंताग्रस्त मनाने उभा आहे. त्याच्या मनात विचारांचं काहूर माजलं आहे.” इतक्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज, मग संवाद सुरू, आणि निवेदक गप्प. तेवढ्या वेळात पडद्यावर नायकाने खण उघडला, फोटोखालची किल्ली उचलली, फोटो जागेवर ठेवला. ते राहून गेलं. पुढच्या प्रसंगात किल्लीने कपाट उघडलं तेव्हा आप्पा म्हणाले, “किल्ली खंयसून इली?” अगदी बरोबर प्रश्न. काहूर नायकाच्या मनात माजलंय हे निवेदकाला कोणी सांगितलं? पडद्यावर काहूर दिसत नाही, दिसते ती कृती. मी सेकंदाला दोन शब्द धरते. तिथे सात-आठ सेकंद मोकळी असावीत, म्हणजे पंधरा शब्द. “तो खण उघडतो. वकिलांचा जुना फोटो. त्याखाली किल्ली. फोटो जागेवर ठेवतो, किल्ली खिशात.” तेरा शब्द, श्वास घ्यायलाही जागा उरते. गाडीचं नाव काढलेलं नाही, ती ऐकू येतेच.

मनातलं सांगू नये या नियमाचा काही जण इतका बाऊ करतात की “तो रागावतो” म्हणायलाही घाबरतात आणि “त्याच्या भुवया एकमेकींजवळ येतात, ओठ ताणले जातात” असं शरीरशास्त्र सांगत बसतात. मला ते पटत नाही. “दात-ओठ खातो” म्हणा की, आपल्या भाषेत तयार आहे. जे दिसतं त्यावरून कोणीही तेच म्हणेल, तिथे सरळ म्हणावं. जिथे दोन माणसं दोन अर्थ काढतील, तिथे फक्त दिसतं ते सांगावं आणि अर्थ प्रेक्षकावर सोडावा. तो अंध आहे, अजाण नाही.

दुसरा प्रसंग जास्त गंभीर. दाराआड एक सावली दिसते, डोळस प्रेक्षकाला फक्त सावली. वर्णनात मात्र त्या माणसाचं नावच घेतलंय. तुम्ही टिपलंय, आप्पा म्हणाले, “माका आधीच कळला.” रहस्यकथेत याहून मोठा गुन्हा नाही. लिहिणाऱ्याने पुढचे भाग पाहिलेले असतात, त्याला तो माणूस माहीत असतो, आणि हातून नाव लिहून जातं. तपासणाऱ्याने ते पकडायला हवं होतं. ज्या क्षणी डोळसाला कळेल त्याच क्षणी अंधाला कळावं, ना आधी ना नंतर. याच भागात एका माणसाला आधी ‘दाढीवाला’, मग ‘तो माणूस’, नंतर ‘इन्स्पेक्टर’ म्हटलंय, असंही तुमच्या नोंदीत आहे. आप्पांनी ते तीन माणसं धरले. एकदा दिलेली खूण नाव कळेपर्यंत बदलायची नसते.

आवाजाबद्दल तुम्ही ‘नाटकी’ एवढाच शब्द लिहिलाय, तो पुरेसा आहे. निवेदक मारामारीत ओरडला, प्रेमप्रसंगात कुजबुजला, की तो आणखी एक पात्र होतो. दुसऱ्या टोकाला यंत्राचा आवाज असतो, स्वस्तात काम उरकायला हल्ली तो वापरतात. बातमी ऐकायला चालेल, पण संवादाच्या मध्ये अर्धा सेकंद थांबून मग बोलायचं भान त्याला अजून नाही, आणि कोकणातल्या गावांची नावं तो काय काय करून ठेवतो ते विचारू नका. माझी पसंती: साधा, खालच्या पट्टीतला, बातमीइतका कोरडा नाही आणि कीर्तनाइतका रंगलेला नाही, असा माणसाचा आवाज.

म्हणजे या मालिकेचं वर्णन माझ्या मते काठावर पास. भाषा बरी, वेळ बरी साधलेली, संवादावर आवाज कुठं चढलेला नाही. निवड कच्ची आणि रहस्य फोडलेलं. आप्पांची चिडचिड यातून आली असणार. वर्णन ही गोष्टच त्यांना नको आहे असा निष्कर्ष एवढ्यावरून काढू नका. दुसरी मालिका, दुसरा निवेदक लावून बघा. शक्यतो कौटुंबिक कथा घ्या, मारामारीची नको, तिथे वर्णनाला श्वास घ्यायला वेळच मिळत नाही.

एक शक्यता अजून आहे, ती तुम्हीच घरात बघा. पुष्कळ घरांत “बंद कर” हे अंध माणूस बाकीच्यांसाठी म्हणतो. सगळे एकत्र बसलेत, त्या जादा आवाजाने सूनबाईचा, नातवाचा रसभंग होतोय, हे त्याला जाणवतं. आपल्यामुळे कोणाला त्रास नको, ही त्या पिढीची सवय. एकदा ते एकटे असताना तीच मालिका लावून बघा. साध्या टीव्हीवर एकाच वेळी दोघांना दोन ध्वनिमार्ग देता येत नाहीत, पण आप्पांच्या मोबाईलवर तोच भाग वर्णनासह लावून एका कानात इअरफोन देता येतो. दोन्हीकडे एकदम सुरू करा. थोडं मागेपुढे होतं, चालतं.

वहीत एक उणीव राहते, आणि तीही आप्पांच्या भिडेमुळेच. जे प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत ते तुमच्याकडे नोंदलेले नाहीत. अर्ध्या तासात चार प्रश्न केले याचा अर्थ चारच ठिकाणी अडलं असा होत नाही. म्हणून मी एक रीत वापरते. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी, आप्पांना शेजारच्या कोणाला तरी कालचा भाग सांगायला लावा. तुम्ही मध्ये बोलू नका, नुसतं ऐका. जिथे ते “मगे काय तरी झाला” म्हणून पुढे उडी मारतील तिथे भोक आहे. जिथे ते ठामपणे चुकीचं सांगतील, तिथे वर्णनाने दिशाभूल केली किंवा संगीताने फसवलं. आणि जिथे रंगून सांगतील, हातवारे करत, तिथे वर्णन चांगलं होतं. मला अंध प्रेक्षकांबरोबर बसून तपासायची संधी मिळते तेव्हा मी “आवडलं का?” विचारतच नाही. आवडलं म्हणतात, सगळेच भले असतात. गोष्ट सांगायला लावते.

जोवर मराठी मालिकांना वर्णन मिळत नाही तोवर घरातलंच कोणी तरी निवेदक. आप्पांचा नातू ते करतोय, त्याला दोन-चार गोष्टी सांगा. “अरे बापरे!” म्हणून गप्प बसायचं नाही, बापरे कशाचं ते आधी सांगायचं. संवाद चालू असताना बोलायचं नाही, जाहिरात लागेपर्यंत थांबायचंही नाही. पडद्यावर आलेली अक्षरं लगेच वाचायची, अर्थ न लावता. जागा बदलली की एक शब्द: “दवाखाना.” “खळ्यात.” “बोटीवर.” आपल्याकडची गोष्ट असेल तर आपल्याकडच्या नावाने: लोक समुद्रातून दोर ओढतायत म्हणू नकोस, रापण ओढतायत म्हण, आप्पांना बाकी काही सांगावं लागणार नाही. आणि साड्यांचं वर्णन आप्पांनी मागितलं तरच. (काही आजोबा मागतात, तो त्यांचा प्रश्न.)

रिमोटचं थोडक्यात. पाचच्या बटणावर उंचवटा असतो, तिथून बाकीचे आकडे बोटाने सापडतात. चालू-बंदच्या बटणावर नेलपॉलिशचा जाड थेंब वाळवून ठेवा. अँड्रॉइडच्या टीव्हीत सेटिंगमध्ये सुलभता या भागात टॉकबॅक असतं, सॅमसंगमध्ये व्हॉइस गाइड, एलजीत ऑडिओ गाइडन्स. फायर टीव्हीच्या रिमोटवर मागे जाण्याचं आणि मेनूचं बटण दोन सेकंद एकत्र दाबलं की व्हॉइसव्ह्यू सुरू होतं. मग टीव्ही स्वतःच यादी वाचून दाखवतो आणि आप्पांना वर्णनाचा ध्वनिमार्ग कोणाला न विचारता निवडता येतो. सेट टॉप बॉक्सच्या याद्या मात्र बहुधा मुक्याच असतात. आप्पांना वाहिन्यांचे क्रमांक पाठ असतील. कंपनीने ते बदलले की त्याच दिवशी नवे सांगा, नाहीतर अभंगांच्या जागी शेअरबाजार लागतो. आणि आता पावसात पत्र्यावर आवाज सुरू झाला की वर्णनाचा खालच्या पट्टीतला आवाज आधी बुडतो. टीव्हीच्या ध्वनी-सेटिंगमध्ये बोलणं स्पष्ट करणारा पर्याय असतो, तो लावा, आणि सराउंड बंद ठेवा.

राहता राहिली तक्रार. करावी का? जरूर. २०१५ च्या एप्रिलमध्ये नेटफ्लिक्सने अंध नायकाची ‘डेअरडेव्हिल’ ही मालिका आणली, आणि तिलाच ऑडिओ डिस्क्रिप्शन नव्हतं. अंध प्रेक्षकांनी ओरड केली, काही दिवसांतच ते आलं, आणि तिथून त्या कंपनीकडे वर्णनाची रीतच पडली. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांत ऑडिओ डिस्क्रिप्शन मिळण्याची तरतूद नावानिशी आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’च्या निर्मात्यांना ओटीटीवर (इंटरनेटवरून सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या सेवेवर) सिनेमा आणताना हिंदी वर्णन तयार करायला सांगितलं, ते अंध आणि कर्णबधिर याचिकाकर्त्यांमुळे. मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या, ऑक्टोबर २०२५ मध्ये ओटीटीसाठी मसुदा. टीव्हीच्या कार्यक्रमांसाठी २०१९ मध्ये जी मानकं आली ती कर्णबधिरांसाठीची होती. आप्पांसारख्यांचा रोजचा टीव्ही तेव्हा बाहेरच राहिला.

वाहिनी असो वा ओटीटी, २०२१ च्या नियमांप्रमाणे दोघांकडेही तक्रार निवारण अधिकारी असावा लागतो, आणि तक्रारीचा निकाल १५ दिवसांत लावावा लागतो. ओटीटीला लिहाल तेव्हा “वर्णन चांगलं नाही” असं मोघम लिहू नका. भागाचा क्रमांक, किती मिनिटांवर, काय दिसत होतं, काय सांगितलं, काय राहिलं, एवढं लिहा. किल्लीचा प्रसंग आणि सावलीचा प्रसंग, दोनच पुरेत. त्यावरून त्यांच्याकडचा माणूस ती ओळ शोधून दुरुस्त करू शकतो. वृत्तवाहिनीला वेगळं पत्र, फक्त दोन मागण्यांचं: पडद्यावरचा नंबर वाचून दाखवा, आणि नकाशावर बोट ठेवण्याऐवजी तालुक्यांची नावं घ्या. खाली आप्पांची सही किंवा अंगठा, ते स्वतः प्रेक्षक आहेत म्हणून. पंधरा दिवसांत काही आलं नाही तर त्याच पत्राची प्रत पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे पाठवा, सोबत वहीच्या त्या पानांची झेरॉक्स जोडून.